तुतीच्या काड्यांना पाने फुटतात, पण मुळ्या धरत नाहीत : सल्ला हवा

प्रश्न (सिन्नर) :
घरामागे तुतीची पाच-सहा झाडे लावण्याची फार दिवसांची इच्छा आहे. एप्रिलमध्ये एका परिचितांच्या अंगणातून २० काड्या आणून काळ्या मातीच्या पिशव्यांत लावल्या. बाराव्या दिवशी डोळे फुटून नखाएवढी पाने आली, तेव्हा घरात सर्वांना आनंद झाला. परंतु तिसऱ्या आठवड्यात ती माना टाकू लागली. काडी उपटून पाहिली, तर खालचे टोक काळे पडून साल बोटाला लागताच निसटत होती. पाणी दिवसातून दोन वेळा देत होतो. चूक कोठे झाली, हे कृपया सांगावे.

उत्तर (निफाड) :
तुतीची काडी आधी पाने काढते आणि मुळ्या मागाहून. पहिली पाने काडीत साठलेल्या अन्नावर फुटत असल्यामुळे ती दिसली म्हणजे काडी लागली, असे समजू नये. एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात त्या पानांतून पाणी उडत राहते, खालून भरून काढायला मुळी नसते, आणि आपण घाबरून पाणी वाढवतो. काळ्या मातीत ते साचते व टोक कुजते. आमच्याकडे द्राक्षाच्या खुंटाच्या काड्या लावतानाही हेच पाहिले आहे.

सहा ते आठ महिने वयाची, पेन्सिलीएवढी जाड काडी घ्यावी. कोवळा शेंडा घेऊ नये. तीन-चार डोळे राहतील अशी वीतभर लांबी ठेवून खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, धारदार कात्रीने, साल न चिरता तिरका घ्यावा. माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समभाग मिसळून पिशवीला खाली छिद्रे पाडावीत व एकच डोळा वर ठेवून काडी रोवावी. रोज पाणी देण्याची सोय नसेल, तर मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर शेडनेटखाली लावणे मला अधिक खात्रीचे वाटते. मुळ्या पाहण्यासाठी काडी उपटू नये आणि तीन-चार महिन्यांपूर्वी रोप जमिनीत हलवू नये.

उत्तर (दिंडोरी) :
वरील सल्ल्याशी सहमत आहे. बेणे, म्हणजे लावायच्या काड्या, रेशीम शेतकऱ्याकडून, छाटणीच्या वेळी घ्यावे. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संस्थेचा व्ही-१ हा वाण काडीवर चांगला धरतो. मात्र तो रेशीमकिड्यांना घालायच्या पाल्यासाठीचा आहे. फळांसाठी हवी असल्यास, ज्या झाडाची तुती आपण स्वतः चाखली आहे, त्याच झाडाची काडी आणावी.