तापात झटका आला तर नेमकं काय करायचं?

ऐरोलीची आई: काल रात्री अडीचला दोन वर्षांच्या लेकीचा ताप १०३. कपाळावरची पट्टी बदलत होते तोच डोळे वर गेले, हातपाय ताठ, ओठ निळसर. सासूबाई कांदा हुंगवायला धावल्या, मी दातांत चमचा घालायला गेले. दोनेक मिनिटांत थांबलं. माझे हात अजून थरथरताहेत. परत आलं तर?

नेरूळकर बाबा: ताई, चमचा, बोट, पाणी, औषध, काहीही तोंडात नको! माझ्या मुलाला दोनदा आलाय. कुशीवर वळवा, गळ्याजवळचं बटण सोडा, दाबून धरू नका आणि घड्याळ बघा. तेव्हा एक मिनिट तासासारखं वाटतं, म्हणून घड्याळ. ५ मिनिटांवर गेलं तर १०८.

ठाण्याची मावशी: ६ महिने ते ५ वर्षांत असे झटके येतात, बहुतेकांत मेंदूला इजा होत नाही. पण पहिलाच आहे, आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मान ताठ किंवा मूल सुस्त असेल तर थेट इमर्जन्सीत.

ऐरोलीची आई: निघालेच. सासूबाईंनाही वाचून दाखवलं, कांदा परत टोपलीत गेला.