मदत हवी आहे : आमच्या टेबलावरचा 'खो' स्पेल (मंत्र) लेव्हल २ ला ठेवू की ३ ला?

डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा भूमिकांचा खेळ) पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. पार्टी पाचव्या लेव्हलला आहे: फायटर (लढवय्या), क्लेरिक (पुरोहित), रोग (rogue, चोरटा) आणि विझर्ड (जादूगार). विझर्डवाला शाळेत खो-खो खेळलेला, त्यामुळे त्याने स्वतः लिहून आणलेल्या स्पेलचं नाव 'खो'. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. कल्पना मला आवडली आहे, पण आहे तशी मंजूर करायला मन धजत नाही. मसुदा असा:

खो. लेव्हल २, कॉन्ज्युरेशन. बोनस ॲक्शन (टर्नमधल्या मुख्य ॲक्शनच्या जोडीची छोटी कृती). पल्ला ६० फूट. फक्त उच्चार लागतो, हातवारे आणि सामग्री नाही. पल्ल्यातल्या, नजरेला दिसणाऱ्या कोणत्याही दोन जीवांच्या जागा आपसांत बदलतात. जो राजी नसेल त्याने करिश्मा सेव्ह करायचा (स्पेल टाळण्यासाठी फासा टाकायचा). जमला तर काहीच होत नाही.

आपल्याच माणसांवर वापरला तर फार चिंता नाही. मिस्टी स्टेपही लेव्हल २ चाच, तोही बोनस ॲक्शनवर, ३० फूट नेतो. टेलिपोर्ट म्हटल्यावर ऑपर्च्युनिटी अटॅक (निसटताना शत्रूला मिळणारा जादा वार) नाही, कुणी धरून ठेवलं असेल तर ग्रॅपलही सुटतो, हे दोन्हीकडे सारखंच. शिवाय बोनस ॲक्शनवर स्पेल टाकला की त्या टर्नमध्ये पुढे फक्त एक ॲक्शनवाला कँट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा साधा स्पेल), त्यामुळे 'खो' देऊन लगेच फायरबॉल हा रस्ता बंदच आहे.

डोकेदुखी आहे शत्रूंची. विझर्डचं फॅमिलिअर (जादूने बोलावलेला साथीदार प्राणी) म्हणजे घुबड. ते डोक्यावर ६० फुटांवर घिरट्या घालतंय, समोर हॉबगॉब्लिन उभा. खो! घुबड जमिनीवर, हॉबगॉब्लिन हवेत, आणि मग धपकन खाली. दर १० फुटांना १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) इतकी इजा, म्हणजे ६डी६, सरासरी २१, वर आडवा पडतो तो वेगळाच. साध्या हॉबगॉब्लिनचे एचपी (किती इजा सोसेल तो आकडा) आहेत ११. त्याच स्लॉटवर (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) स्कॉर्चिंग रेचे तिन्ही किरण लागले तरच सरासरी २१ होते, आणि त्याला अख्खी ॲक्शन जाते. इथे ॲक्शन शिल्लक राहते, त्यात वरून फायर बोल्ट. गुहेत छत आडवं येईल, पण आमची मोहीम सध्या उघड्या माळावर चालू आहे.

दुसरं, क्लेरिकचा स्पिरिट गार्डियन्स, म्हणजे त्याच्याभोवतीच्या घेऱ्यात शत्रूला इजा करणारा स्पेल. त्या घेऱ्यात उभ्या असलेल्या रोगशी शत्रूची अदलाबदल केली की विझर्डच्या टर्नमध्येच शत्रूला ३डी८, आणि त्याचा स्वतःचा टर्न तिथे सुरू झाला की पुन्हा ३डी८. विस्डम सेव्हने अर्धं होईल, पण दोनदा बसणारच.

डीएम गाइडमध्ये नव्या स्पेलसाठी नुकसानीचा तक्ता आहे, तो हालचालीच्या स्पेलला काय कामाचा? तिथला एकच निकष उपयोगी वाटला: जो स्पेल जादूगाराला सदासर्वकाळ वापरावासा वाटेल, तो त्या लेव्हलला जड असू शकतो. हा नक्कीच तसला आहे. तर लेव्हल ३ करून मसुदा तसाच ठेवू, की लेव्हल २ ठेवून छाटू? छाटायचं तर कुठे?

प्रतिसाद १
लेव्हल वाढवून घुबड थांबणार नाही, फक्त महाग होईल. छाटाच. नमुना पुस्तकातच आहे: कॉन्ज्युरेशन शाळेच्या विझर्डला सहाव्या लेव्हलला बिनाइन ट्रान्सपोझिशन मिळतं. तिथे ॲक्शन लागते, पल्ला ३० फूट, आणि अदलाबदल फक्त राजी असलेल्या स्मॉल किंवा मीडियम आकाराच्या जीवाशी. घुबड त्याहून लहान, टायनी. एवढ्या एका अटीने तुमचा हॉबगॉब्लिन जमिनीवर राहतो.
दुसरी अट व्हॉर्टेक्स वॉर्पमधून उचला. तोही लेव्हल २ चा आणि शत्रूवरही चालतो, पण पोचायची जागा त्या जीवाला पेलणारी हवी, म्हणजे हवेत सोडणं बाद. आणि त्याला बोनस ॲक्शन नाही, पूर्ण ॲक्शन लागते. शत्रू हवे असतील तर हाच भाव द्यावा लागेल.

प्रतिसाद २
खो-खोत खो देणारा स्वतः त्या चौकोनात बसतो ना? मग इथे लांब उभं राहून दुसऱ्यांनाच कसं नाचवता येतं? दोघांपैकी एक कायम विझर्ड असू द्या. फायटरला ओग्रच्या तावडीतून काढायचं तर स्वतः ओग्रपुढे जावं लागेल. मग बोनस ॲक्शन बिनधास्त द्या. पल्ला मात्र ३० करा. ६० फुटांवरून विझर्डही सुटतो आणि फायटरही फुकटात शत्रूपाशी पोचतो, म्हणजे एका स्लॉटमध्ये दोन कामं.

प्रतिसाद ३
शत्रू अजिबात काढू नका हो, मजा तिथेच आहे. रोज रोज हॉबगॉब्लिन थोडेच उडणार? करिश्मा सेव्ह काहींना जमेलही.

धागाकर्ता
टायनीवाली अट म्हणजे सोनं. (३), मजा आहे हे कबूल, पण पाचव्या लेव्हलला लेव्हल २ चे तीन स्लॉट असतात आणि हा तिन्ही त्यातच उडवेल, ओळखतो मी त्याला. तर आता असं ठरवतोय: लेव्हल २, बोनस ॲक्शन, पल्ला ३० फूट, खो देणारा दोघांपैकी एक, दुसरा राजी आणि स्मॉल किंवा मीडियम, दोघांच्याही नव्या जागी पायाखाली आधार हवा. लेव्हल ३ चा स्लॉट वापरला तर पल्ला ६०. शत्रूंसाठीचा स्पेल वेगळा लिहू, लेव्हल ३, पूर्ण ॲक्शन.
त्याला दाखवलं तर त्याचा पहिला प्रश्न: जायंट टोडने गिळलेल्या फायटरला खो देता येईल का?

प्रतिसाद २
नाही. फायटर दिसत नाही, आणि पोटात टोटल कव्हर (पूर्ण आडोसा) असतं. पण चाललं असतं तर विझर्ड कुठे जाऊन बसला असता, हे त्याला एकदा विचारा.