मंडळाचे पैसे, गावातली पोरं आणि साडेपाचची गाडी

खाडीकाठचा (राजापूर तालुका)
परवा आमच्या गावच्या मंडळाच्या गटावर एका मुंबईकराने लिहिलं : 'गावातल्या पोरांना शिकायचंच नाही. वाचनालय बंद पडलंय, शिबिराला अकरा डोकी. हा खर्च थांबवून पैसे देवळाच्या सभामंडपाला द्या.' खाली भराभर अंगठे. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

शिबिर कधी घेता? मे महिन्यात, कारण तेव्हा तुम्ही गावी असता. तेव्हा आमची पोरं कलमांवर चढलेली असतात नाहीतर आंब्याच्या पेट्या भरत असतात, रोजची हजेरी मिळते. विषयही तुम्हीच ठरवता. पाहुणे येतात, 'कलेक्टर व्हा' सांगतात, शाल-नारळ घेऊन जातात. रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे, दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं. होडीवाल्याच्या पोराला बारावी सायन्सनंतर मासळीच्याच विषयात पदवी घेता येते, हे एका तरी पाहुण्याने सांगितलं का? मला ते तेविसाव्या वर्षी कळलं. तोवर मी लोट्याला कारखान्यात पॅकिंगवर लागलो होतो.

आणि शिकायचं नाही म्हणता, तर दहावीला राज्यात पहिलं येतं ते कोकण मंडळ. २०२४ ला ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२. ती पोरं कुणाची?

डोंबिवलीकर
ती पोस्ट माझी. लपवत नाही. निकालाचा मलाही अभिमान आहे, पण परीक्षेपुरतं वाचणं वेगळं. दादरहून तुतारी एक्स्प्रेसने दोन खोकी पुस्तकं मी स्वतः आणली, राजापूर रोडला उतरून पदरच्या पैशाने रिक्षा केली. गणपतीत आलो तर चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती. एका खोक्याला वाळवी. आम्ही लालबागच्या खोलीत चौदा जण राहून रात्रशाळेत शिकलो, तेव्हा कुणी शिबिरं घेतली नव्हती.

खाडीकाठचा
वाचनालयाची किल्ली कुणाकडे होती ते विचारलंत का? तुमच्याच मंडळाच्या खजिनदाराकडे, विरारला. पोरं दोनदा येऊन कुलूप बघून परत गेली.

निवृत्त मास्तर
दोघांनी जरा दमाने घ्या. लालबागमध्ये रात्रशाळा चालत जायच्या अंतरावर होती. शिक्षण हक्क कायदा प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवी तीन किलोमीटरच्या आत म्हणतो. त्यापुढे पोराने कसं जायचं याची फिकीर कुणालाच नाही.

कुडाळकर
मास्तर बरोबर बोलले. माझा चेडू (मुलगी) अकरावीक आसा. कॉलेजात साडेचारपासून फुकट संगणक वर्ग सुरू झालो. शेवटची गाडी साडेपाचाक, ती चुकली की सात किलोमीटर काळोखातना चलत येवचा. चार दिवस गेला, पाचव्या दिवसापासून बंद. बारावीपर्यंत चेडवांक एसटीचो पास फुकट, पण गाडीच नाय तर तो पास घेवन काय करतलंव?

माहेर गुहागर
अगदी हेच. आमच्याकडे वस्तीची गाडी होती, रात्री गावात थांबून सकाळी सुटणारी, म्हणून मी बारावी झाले, पुढे नर्सिंग केलं. धाकटीच्या वेळी गाडी बंद. तिला दहावीला ८१ टक्के होते. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं तिचं. आगाराला काय, एक फेरी कमी झाली.

एसटी चालक
ताई, आगाराला शिव्या घालण्याआधी ऐका. भारमान, म्हणजे पुरेसे प्रवासी, नसलं की फेरी जाते हे खरं. पण मी एका गावात वस्तीला जायचो. मी आणि वाहक शाळेच्या पडवीत झोपायचो. संडास नाही, पाणी विहिरीवरून ओढायचं. पावसात पडवी गळायला लागली तेव्हा एक खोली द्या म्हणून दोनदा सांगितलं. 'बघू' म्हणाले. एका रात्री अंथरुणात फुरसं निघालं. आम्ही लिहून दिलं, गाडी थांबली. सकाळी सहाच्या त्या फेरीला सात कॉलेजची पोरं असायची. त्यांची तोंडं मला अजून दिसतात.

खाडीकाठचा
म्हणजे दोष आमचाच? पगार घेता ना?

एसटी चालक
पगार गाडी चालवायचा मिळतो, फुरशाशेजारी झोपायचा नाही. शिमग्याला पालखीपुढे नाचायला तुमच्याकडे पाचशे माणसं जमतात, दोन माणसांना एक छप्पर देता येत नाही?

माहेर गुहागर
हे मला माहीत नव्हतं. आगाराबद्दल बोलले ते पूर्ण मागे घेणार नाही, पण आमच्या गावानेही खोली दिली नव्हती हे आत्ता आईला फोन करून विचारलं.

डोंबिवलीकर
सभामंडप होणारच, देऊळ आमचंही आहे. पण त्याला लागून संडासासह एक खोली काढायला मी विरोध करणार नाही. दिवसा पोरांना अभ्यासाला, रात्री चालक-वाहकांना. शिबिराचे पैसे मात्र जुना हिशेब मिळाल्याशिवाय नाहीत. ग्रामसभेत ठराव मीच मांडतो.

खाडीकाठचा
तुम्हाला मांडता येणार नाही, तुमचं नाव डोंबिवलीच्या मतदार यादीत आहे. २६ जानेवारीला आम्ही मांडू. हिशेब देतो, तो मागायचा तुमचा हक्क आहे, तेवढं मान्य. शिबिर दिवाळीच्या सुट्टीत, आणि किल्ली देवळाशेजारच्या घरात राहील.

एसटी चालक
ठरावासोबत पोरांची यादी, कॉलेज सुटायची वेळ आणि खोलीचा फोटो जोडा. नुसत्या सह्यांचे अर्ज टेबलावर पडून राहतात.