वही नोंदींनी भरली, पण बसल्यावर काहीच सुचत नाही. नोंदी कामाला कशा लावायच्या?

कोरापान:
लेखन आणि थोडं रेखाटन, दोन्ही चालू आहे. रोजची ४० मिनिटं हक्काची, सुट्टीच्या दिवशी दोन तास. खिशात वही असते, काही टिपणं मोबाइलमध्येही आहेत. एकूण तीनशेच्या वर नोंदी असतील. पण कामाला बसून वही उघडली की त्यातली एकही नोंद पुढे सरकत नाही. ‘पाऊस आणि खिडकी’, ‘एकटेपणा’, ‘निळा दरवाजा’ असं लिहिलेलं आहे, आणि ते का लिहिलं होतं तेच आठवत नाही.

फिरायला जा, वाचन वाढवा, मन मोकळं ठेवा हे सल्ले माहीत आहेत. त्यातलं नेमकं काय, किती वेळ आणि कोणत्या क्रमाने करायचं, हे कळत नाही. नोंद कशी करावी? ४० मिनिटांची वाटणी कशी करावी? आणि मुळात नोंदींमधून काम उभं राहतं ते कसं?

टिपकागद:
तुमच्या तीनही उदाहरणांत दोष एकच आहे. ‘निळा दरवाजा’ ही नोंद नाही, नोंदीवरचं लेबल आहे. लिहिताना सगळं दृश्य डोक्यात होतं, म्हणून दोन शब्द पुरेसे वाटले. आठवड्याने दृश्य विरतं आणि लेबल तेवढं उरतं. ‘एकटेपणा’चं तर त्याहून वाईट, कारण तो निष्कर्ष आहे. ज्यावरून निष्कर्ष काढला ती गोष्टच टिपायची राहून गेली.

नोंदीत तीन गोष्टी हव्यात: काय दिसलं किंवा ऐकू आलं, त्यात काय खटकलं, आणि त्यावरून पडलेला एक प्रश्न. म्हणजे ‘एकटेपणा’च्या जागी असं: ‘बाकावर एक आजोबा. शेजारच्या जागेवर रुमाल टाकून ती धरून ठेवलेली. अर्धा तास कुणी आलं नाही. उठताना रुमालाची नीट घडी केली. जागा कुणासाठी धरली होती?’ विशेषणं जवळपास नाहीत, क्रियापदं भरपूर. ही नोंद वर्षभराने वाचली तरी चालू होते.

दिवसभर असं सविस्तर लिहायला सवड नसते, हे खरं. तेव्हा जागेवर दोन-चार शब्द खरडा, पण त्याच रात्री पाच मिनिटं बसून त्यांची तीन-चार वाक्यं करा. दुसऱ्या दिवशीवर ढकललं की निम्मं निसटतं. आवाजात टिपत असाल तर तेही त्याच रात्री कागदावर उतरवा, नाहीतर ऐकायच्या राहिलेल्या फितींचा ढीग होतो आणि तिकडे कुणी वळत नाही.

आता तीनशे जुन्या नोंदींचं. सगळ्या नीट करत बसू नका, त्यात महिना जाईल आणि काम केल्याचं खोटं समाधान मिळेल. अर्ध्या तासात वही भराभर चाळा. वाचताक्षणी ज्यात चित्र दिसतं तेवढ्यांवर खूण करा. तीस-चाळीस निघतील. त्या प्रत्येकी एका कार्डावर उतरवा, तीन बाय पाच इंचांची जाड कार्डं पुरतात. बाकीच्या वहीत राहू द्या.

कार्डं का? वहीत नोंदी ज्या दिवशी सुचल्या त्या क्रमात अडकलेल्या असतात. मार्चमधली नोंद आणि ऑक्टोबरमधली नोंद शेजारी येतच नाहीत, आणि नवं काही बहुतेकदा अशा लांबच्या दोन गोष्टी एकमेकींना भिडल्या की सुचतं. आठवड्यातून एकदा न बघता दोन कार्डं काढा आणि ती दोन्ही एकाच प्रसंगात कशी बसतील ते दहा मिनिटं लिहा. दहा जोड्यांतल्या आठ-नऊ फुकट जातात. तेवढ्या जाणार हे धरूनच चालायचं. बरेच जण तिसऱ्या जोडीला थांबतात आणि पद्धतच चुकीची ठरवतात.

रेघ:
नोंद कशी करावी, यावर टिपकागद यांच्याशी पूर्ण सहमत. कार्डांबाबत थोडा मतभेद आहे. रेखाटन आणि लेखन दोन्ही करणाऱ्याने चित्र आणि शब्द एकाच पानावर ठेवावेत. रुमालाची घडी शब्दांत चार ओळी घेते, रेघांत वीस सेकंद. डाव्या पानावर रेखाटन, उजव्यावर शब्द, आणि कार्डावर फक्त पानाचा क्रमांक व एक ओळ. जोड्या लावायला तेवढं पुरतं.

रेखाटनाच्या बाजूने सुचणं जागं ठेवायचे दोन सराव सांगतो.

पहिला, न बघता बाह्यरेषा काढणं. समोर हात, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा, काहीही ठेवा. नजर वस्तूच्या कडेवर, पेन कागदावर. तीन मिनिटं पेन उचलायचं नाही आणि कागदाकडे बघायचं नाही. नजर मुंगीच्या चालीने सरकली पाहिजे. इथे चूक होते ती वेगाची. हात नजरेच्या पुढे धावला की तो समोरची वस्तू सोडून डोक्यातली ठरलेली खूण काढायला लागतो: डोळा म्हणजे बदाम, झाड म्हणजे खोडावर ढग. चित्र वेडंवाकडं येणारच, ते जपून ठेवायची गरज नाही. यातून नजरेला सराव होतो, आणि तीच नजर पुढे नोंदी करताना कामाला येते.

दुसरा, एका पानावर वीस चौकोन आखायचे आणि एकच वस्तू वीस वेळा काढायची, प्रत्येकी एक मिनिट, प्रत्येक वेळी वेगळी. पहिले सहा-सात चौकोन सरसर भरतात, कारण ते सगळ्यांना सुचतं तेच असतं. आठव्या-दहाव्याच्या आसपास डोकं रिकामं होतं आणि बहुतेक जण तिथे उठतात. थांबू नका. वरून बघितलेली, फक्त सावलीची, वस्तूभोवतीच्या मोकळ्या जागेची, अर्धी झाकलेली, अशी चित्रं त्यानंतरच येतात. खुर्ची न काढता तिच्या पायांमधल्या फटी काढून बघा. फटीसाठी डोक्यात कोणतीही तयार खूण नसते, त्यामुळे नाइलाजाने नीट बघावं लागतं.

दोन्हीला पेन वापरा. पेन्सिल घेतली की खोडरबर हाताशी येतं आणि प्रत्येक रेघेची सुनावणी सुरू होते.

लेखनातही बंधन असंच मदतीला येतं. पॅरिसमध्ये १९६० साली काही लेखक आणि गणितज्ञांनी बंधनं घालून लिहिण्यासाठी ‘उलिपो’ नावाचा गट काढला. त्यातल्या जॉर्ज पेरेकने १९६९ साली अख्खी फ्रेंच कादंबरी ‘e’ हे अक्षर न वापरता लिहिली, आणि फ्रेंचमध्ये ते सर्वांत जास्त येणारं अक्षर. मराठीसाठी एक साधं बंधन: दीडशे शब्दांचा परिच्छेद, त्यात ‘आहे, होता, होती, होतं, होते’ यांपैकी काहीही नको. ‘खोलीत अंधार होता’ हे वाक्य बाद. मग ‘हाताला भिंत लागली’, ‘बटण चाचपलं’ असं लिहावं लागतं, आणि खोलीत कुणीतरी वावरायला लागतं. एका वेळी एकच बंधन घ्या. तीन लावली की लक्ष नियम मोजण्यातच जातं.

निवांत:
फिरण्याच्या सल्ल्याला तुम्ही बाजूला सारलंय, पण त्यात तथ्य आहे. लोक तो अर्धवट सांगतात एवढंच. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन संशोधकांचा २०१४ सालचा अभ्यास आहे. एखाद्या वस्तूचे वेगवेगळे उपयोग सुचवायला सांगितल्यावर बहुतेकांना बसून राहण्यापेक्षा चालताना जास्त सुचलं. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालतानाही फरक पडला, म्हणजे गुण निसर्गाचा कमी आणि चालण्याचा जास्त. परिणाम चालणं संपल्यावर थोडा वेळ टिकलाही. पण एकच बरोबर उत्तर शोधायच्या कोड्यांत चालण्याचा फायदा झाला नाही, उलट किंचित तोटाच दिसला. म्हणून पर्याय काढायचे असतील तेव्हा चाला, त्यातला एक निवडायचा असेल तेव्हा बसा.

निघण्याआधी प्रश्न एका ओळीत कागदावर लिहा. ‘कथेचं काय करू’ असा नको, ‘रुमालवाल्या आजोबांशी आधी कोण बोलेल?’ असा हवा. पंधरा-वीस मिनिटं, कानात काही नाही, फोन खिशात. परतल्यावर चपला काढायच्या आधी पाच पर्याय लिहा, कसेही असोत.

डोकं रिकामं ठेवून फिरलं तर छान वाटतं, पण हाती काही लागेलच असं नाही. ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने १९२६ साली निर्मितीचे चार टप्पे मांडले: तयारी, मुरणं, उमजणं आणि पडताळणं. मुरायला आधी काहीतरी घातलेलं असावं लागतं. अर्धा तास प्रश्नाशी झटून, अडकून मग उठलात तर चालण्याचा उपयोग. टेबलाशी न बसताच उठलात तर मुरणार काय?

डुलकीचंही असंच. पॅरिसमधल्या संशोधकांनी २०२१ साली लोकांना आकड्यांचं एक कोडं दिलं, त्यात सोपा रस्ता लपवलेला होता. मधल्या विश्रांतीत ज्यांना किमान १५ सेकंद अगदी उथळ झोप लागली त्यांच्यापैकी ८३ टक्क्यांना तो रस्ता सापडला, जागे राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना. जे आणखी खोल झोपले त्यांचं प्रमाण १४ टक्क्यांवर आलं. करून बघायचं तर आरामखुर्चीत अर्धवट टेकून बसा, हातात चमचा किंवा पेला धरा, २० मिनिटं डोळे मिटा. झोप खोल व्हायला लागली की पकड सुटते, वस्तू पडते, जाग येते. त्या क्षणी जे डोक्यात असेल ते लगेच लिहा. पलंगावर आडवं होऊन गजर लावू नका, खोल झोप लागते. अर्थात तो प्रयोग आकड्यांच्या कोड्याचा होता. कवितेला तेच टक्के लावता येणार नाहीत.

कोरापान:
कार्डं आणि डावं-उजवं पान, दोन्ही करून बघतो. ४० मिनिटांच्या वाटणीबद्दल अजून सांगाल का? आणि काही दिवस अजिबात बसवत नाही, त्याचं काय करायचं?

अर्धविराम:
आठवड्याचे सहाही दिवस एकसारखे वापरू नका. चार दिवस फक्त करायचं, एक दिवस फक्त निवडायचं, एक दिवस वर सांगितलेले सराव.

करायच्या दिवशी: पहिली ५ मिनिटं काल थांबलात तिथलं शेवटचं अर्धं पान हाताने पुन्हा उतरवा. त्याने सुरुवातीची आडकाठी जाते. मग २५ मिनिटं सलग पुढे. मागे जाऊन दुरुस्ती नाही, शब्द अडला तर फुली मारून पुढे चला. शेवटची १० मिनिटं रात्रीच्या नोंदींसाठी आणि उद्याच्या पहिल्या वाक्यासाठी. आणि वाक्य अर्ध्यात सोडून उठा, पुढचं ठाऊक असताना. सगळं सुचलेलं संपवून उठलात तर दुसऱ्या दिवशी कोरं पान समोर येतं.

निवडायचा दिवस वेगळा ठेवतोय याचं कारण, करणं आणि पारखणं एकाच बैठकीत आलं की पारखणं जिंकतं. तिसऱ्या ओळीलाच ‘हे काही खास नाही’ असं वाटतं आणि हात थांबतो. निवडताना वेगळ्या रंगाचं पेन घ्या आणि चुका शोधू नका. जी ओळ पुन्हा वाचावीशी वाटली तिच्याखाली रेघ मारा. आठवड्यात तीन-चार ओळी निघाल्या तरी भरपूर.

मित्रमंडळींसोबत बसून कल्पना काढत असाल तर हाच नियम तिथेही. येल विद्यापीठात १९५८ साली चौघांच्या गटाची तुलना एकेकट्याने काम केलेल्या चौघांच्या बेरजेशी केली, तेव्हा एकेकट्यांच्या कल्पना जास्त निघाल्या. गटात एक बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात आणि त्याच वळणावर विचार करायला लागतात. म्हणून आधी दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहा, मगच वाचून दाखवा.

बसवत नाही त्या दिवशी तीन ओळी किंवा एक रेखाटन, पाच मिनिटांत उठा. पण दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून ८० मिनिटं लादू नका. थकबाकी साठत गेली की टेबलाकडे जायचीच धास्ती वाटते. आणि आदल्या रात्री वही उघडी, पेन वर, कार्डं शेजारी अशी मांडून ठेवा. सामान शोधण्यात गेलेली पाच मिनिटं नेमकी त्याच दिवशी पळवाट होतात.

टिपकागद:
सरावाच्या दिवसासाठी आणखी एक. अठराव्या शतकातला अमेरिकी लेखक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन लिहायला असा शिकला: आवडलेला लेख घेऊन प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत चिठ्ठ्यांवर टिपायचा, काही दिवस बाजूला ठेवायचा, मग मूळ लेख न बघता चिठ्ठ्यांवरून तो आपल्या शब्दांत पुन्हा लिहायचा आणि मुळाशी ताडून बघायचा. कधी चिठ्ठ्या मुद्दाम विस्कटून काही आठवड्यांनी क्रम लावायचा. एका परिच्छेदाने सुरुवात करा, सात-आठ वाक्यांचा.

कोरापान:
मधे किती दिवस जाऊ द्यायचे?

टिपकागद:
चार-पाच. दुसऱ्याच दिवशी लिहिलंत तर मूळ वाक्यं जशीच्या तशी कानात असतात आणि नुसती उजळणी होते. मूळ शब्द विसरलेत पण आशय आठवतोय, अशा टप्प्यावर लिहा. ताडताना तुमचं वाक्य कुठे लांबलं आणि मुळात तिथे कोणतं क्रियापद होतं, एवढंच समासात टिपा.