खापरपणजोबांची कबर शोधायची आहे : रेवदंडा परिसरातली जुनी बेने इस्राएल कबरस्तानं

बीरशेबाची_नात
नमस्कार आणि शालोम. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आजोबा १९६० च्या दशकात ठाण्याहून इस्राएलला आले. मी इथेच जन्मले, पण घरात आजी मराठीच बोलायची, त्यामुळे लिहिता येतं. जानेवारीत बारा दिवस कोकणात येते आहे, सोबत पंच्याहत्तरीचे वडील आहेत. त्यांना त्यांच्या पणजोबांच्या कबरीपुढे उभं राहून कद्दिश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणायची आहे.

हाताशी एवढंच आहे : रेवदंड्याजवळचं खेडं, तेलाचा घाणा, शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद म्हणून गावात ‘शनवार तेली’ ही ओळख, आणि आजोबांच्या अक्षरातली वहीतली एक ओळ, “विहिरीच्या वरच्या अंगाला, उंडीजवळ.” उंडी हे झाडाचं नाव. सुरुवात कुठून करू? आणि कबरीवर नाव नसेल तर आम्ही नवी शिळा लावावी का?

थळचा
ताई, तुम्ही जरूर या. मी तुमच्या समाजातला नाही, पण आमच्या थळशेजारीच नवगाव, तेव्हा लहानपणापासून ती जागा बघतोय. जहाज फुटून सात जोडपी वाचली, बाकीच्यांना दोन उंचवट्यांखाली पुरलं असं तुमची माणसं सांगतात. तिथे आता स्मारक आहे. बाबांना आधी तिथे घेऊन जा, म्हणजे पुढे काही सापडलं नाही तरी ते मूळ ठिकाणी जाऊन आलेले असतील.

खेड्यात ‘ज्यू सिमेटरी’ विचाराल तर कुणाला कळणार नाही. ‘इस्राएलांचं कबरस्तान’ विचारा, नाहीतर ‘तेल्यांची जागा’. गुरं राखलेली म्हातारी माणसं बरोबर नेऊन उभं करतात. जानेवारी चांगला, गवत वाळलेलं असतं. तरी पायात बूट आणि हातात काठी हवीच, दगडांच्या सांदीत फुरसं असतं, विषारी साप.

निवृत्त_भूमापक
कोकणात बऱ्याच गावांत अजून सर्वे नंबर आणि हिस्सा नंबर चालतात, म्हणून आधी खेड्याचं नाव पक्कं करा. मग गावनकाशा मागवा. कबरस्तान वेगळं दाखवलेलं असलं तर काम सोपं. नसलं तर विहिरीवरून जा. सातबाऱ्यावर, इतर हक्कांत विहिरीची नोंद सापडू शकते. जुने फेरफार तलाठ्याकडे किंवा तालुक्याच्या अभिलेख कक्षात मिळतात, अर्ज करावा लागतो. बारा दिवसांत हे उरकत नाही. इथल्या कुणाला तरी अधिकारपत्र देऊन अर्ज आत्ताच टाका.

जमीन कुणाच्या नावावर आहे हे कळल्याशिवाय एकही दगड रोवू नका. कबरी असलेली जमीन मधल्या काळात विकली गेलेली असू शकते. मालकाला भेटा, बाबांना सोबत न्या. वयस्कर माणूस दारात आला की बोलणं वेगळं होतं.

इस्राएल_आळीची_लेक
मी ठाण्यात असते, माहेर अलिबागच्या इस्राएल आळीतलं. वीस वर्षं हेच करते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं नावाचं बघा. जुनी माणसं दोन नावांनी वावरायची. १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग (आमचं प्रार्थनास्थळ) बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर. तुमचे खापरपणजोबा घरात इझिकेल असतील आणि कागदावर हसाजी. दोन्ही नावांनी शोधा. आडनावाने फसू नका, रोहेकर, पेणकर, किहीमकर ही मूळ गावं, माणूस गेला दुसरीकडेच असू शकतो. रेवदंड्याचं बेथ एल आणि अलिबागचं १८४८ चं मागेन आबोथ, या दोन्ही सिनेगॉगांकडे मृत्यूच्या नोंदींची चौकशी आधी पत्राने करा.

दुसरं, शिळेवरचं साल. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते, आणि सालात बहुधा हजाराचा आकडा गाळलेला असतो. ताव, रेश, सामेख दिसलं तर ४००, २००, ६० मिळून ६६०. त्यात १२४० मिळवा, १९०० आलं. महिना हिब्रू वर्षाच्या सुरुवातीचा, म्हणजे तिश्री, हेश्वान, किस्लेव असेल तर एक वर्ष कमी. मराठीत शके असेल तर ७८ मिळवा.

तिसरं कळकळीने सांगते. आमच्याच एका नातेवाइकांनी भक्तिभावाने आजीची कबर ‘नवी’ करून घेतली. गवंड्याने तारेच्या ब्रशने घासून वर सिमेंटचा हात दिला. आजीचं नाव त्या सिमेंटखाली गेलं ते गेलंच. ॲसिड नको, चुना नको, खडू किंवा पिठाची पूड चोळायची नाही. साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस.

वाचायचं असेल तर ऊन तिरपं पडतं तेव्हा जा. अलिबागला एका शिळेपुढे मी सकाळपासून बसले होते, दगड नुसता काळा, हाताला शेवाळ्याचा खरखरीतपणा. साडेपाचला ऊन बाजूने आलं आणि आधी एक वेलांटी उठली, मग दुसरी, मग ‘हिची’ हा अख्खा शब्द. ढग असेल तर आरसा न्या, बाजूने उजेड पाडा.

बीरशेबाची_नात
ताई, मी वाचून रडले. पण बिननावाच्या दगडांचं काय करायचं?

इस्राएल_आळीची_लेक
अनघड दगड असतील तर अंदाजाने नाव घालू नका. तिथे दुसऱ्याचे आजोबा असतील तर आपण त्यांची जागा पुसतो. मी पाहिलेल्या जुन्या कबरींपैकी बहुतेकींवर अक्षरच नाही. मालकाची आणि सिनेगॉगच्या विश्वस्तांची परवानगी घेऊन कडेला एकच काळ्या पाषाणाची शिळा लावा, कबरीवर नाही. मराठी वर, हिब्रू खाली, “या जागेत आमचे पूर्वज विसावले आहेत”, मग गावाचं नाव आणि घराण्याचं. खापरपणजोबांचं नाव त्यात येऊ द्या, पण ‘येथे’ शब्द नको. खोदकाम अजिबात करू देऊ नका, हाडांना हात लागता कामा नये. परतताना फोनवर ठिकाणाचे आकडे नोंदवा आणि हाताने नकाशा काढून ठेवा, विहिरीपासून किती पावलं ते लिहून.

थळचा
ताई, वहीतल्या ओळीवरून विचारत विचारत रविवारी त्या जागेपर्यंत जाऊन आलो. विहीर बुजलेली आहे, कठडा दिसतो. वरच्या अंगाला उंडी आहे, जुना बुंधा तुटलाय, पण शेजारून नवे फुटवे आलेत. तिच्या मुळाशी सात दगड ओळीत, एकावरही अक्षर नाही. मालक म्हणाले, “आमच्या वडिलांनी इथे नांगर घातला नाही, आम्हीही घातला नाही.” मी काही हलवलं नाही. गवत काढून ठेवू का?

बीरशेबाची_नात
दादा, राहू द्या. बाबा म्हणतात, गवत ते स्वतः काढतील.