तंबूतली शेगडी: दुसऱ्या संध्याकाळपासून धूर आत येतो

प्रश्न – हिमपाऊल

उणे १५ ते उणे २० अंशांत, जाड बर्फावर, तिघांचा मुक्काम. तंबू कोनाकृती, मध्ये एकच खांब, तळ नाही, कापड सिलिकॉनचा लेप असलेलं नायलॉन, उंची २ मीटर १० सेंमी. कडेच्या झालरी बर्फाने पूर्ण दाबलेल्या. शेगडी टायटॅनियमची, घडीची. धुराडं बसतं ते तोंड जमिनीपासून २५ सेंमीवर. धुराडं गुंडाळीच्या पत्र्याचं, २ मीटर २० सेंमी लांब, ६ सेंमी व्यासाचं, टोकाला ठिणग्या अडवणारी जाळी.

अडचणी अशा. पहिल्या संध्याकाळी शेगडी छान ओढते, दुसऱ्या संध्याकाळपासून शेगडीचं दार उघडलं की धूर आत. शेगडीखालचा बर्फ वितळतो, पाय रुततात आणि धुराडं कलतं. पहाटे कापडाला आतून बर्फ धरतो आणि शेगडी पेटली की तो स्लीपिंग बॅगांवर ठिबकतो. शिवाय रात्रभर शेगडी मंद ठेवावी की विझू द्यावी?

उत्तर १ – सुकंलाकूड

पहिल्या दिवशी ओढ चांगली आणि दुसऱ्या दिवशी धूर, म्हणजे आधी जाळी तपासा. धूर वरच्या टोकाला येईपर्यंत थंड होतो, त्यातला डांबरासारखा चिकटा जाळीवर बसतो आणि त्यावर काजळी. लाकूड जरा दमट असेल तर एका संध्याकाळीत निम्मी भोकं बुजतात. रोज सकाळी धुराडं गार झालं की जाळी काढून उजेडाकडे धरा. बुजली असेल तर काडीने टोकरत बसू नका, तार वाकते. पकडीत धरून निखाऱ्यावर चिकटा जाळून टाका, मग ब्रशने झटका. धुराडं गुंडाळायच्या आधी बाहेर नेऊन ठोका. आतले पापुद्रे सुटतात.

दुसरं कारण उंचीचं. धुराड्याचं टोक तंबूच्या शेंड्यापेक्षा ३० सेंमी तरी वर हवं, नाहीतर शेंड्यावरून वळसा घेणारा वारा धूर खाली ढकलतो. तुमचा हिशोब: २५ सेंमी अधिक २ मीटर २० म्हणजे २ मीटर ४५, शेंडा २ मीटर १०. पस्तीस सेंमी मिळतात. शेगडी १० सेंमी रुतली की उरतात २५. म्हणजे तुमची पहिली आणि दुसरी अडचण एकमेकींत अडकलेली आहे.

रुतणं थांबवायला आधी जागा तुडवा. स्नोशू किंवा स्की घालून संपूर्ण चौथरा दाबा आणि पाऊण तास हात लावू नका. दाबलेल्या बर्फाचे कण तेवढ्या वेळात एकमेकांना धरतात. मग मनगटाएवढी जाड, ओली लाकडं घ्या, शेगडीपेक्षा हातभर लांब. दोन उभी, त्यावर तीन आडवी, आणि आडव्यांवर शेगडीचे पाय. मध्ये आगरोधक चटई किंवा पातळ पत्रा टाका, म्हणजे खाली जाणारी धग अडते. वाळलेली लाकडं इथे नकोत, ती पेट घेतात. धुराड्याला बाहेरून तीन दिशांना बारीक तारेचे ताण द्या. तार हवी, दोरी वितळते. वाऱ्यात कापड हललं तरी स्टोव्ह जॅकवर (धुराडं बाहेर काढायच्या तंबूतल्या आगरोधक भोकावर) भार येत नाही.

पेटवताना डँपर (धुराड्यातली ओढ कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण उघडा. धुराड्यातली गार, जड हवा हलल्याशिवाय ओढ लागत नाही. म्हणून वाळक्या सालीचा पेटता बोळा आधी शेगडीच्या मागच्या भागात, धुराड्याच्या तोंडाखाली धरा. आत गुरगुर ऐकू आली की मग काड्या लावा. नंतर लाकूड घालताना आधी डँपर उघडायचा, दहा-पंधरा सेकंद थांबायचं, दार बोटभर उघडायचं आणि मगच पूर्ण. दार एकदम खेचलं तर स्वच्छ जाळी असूनही धूर बाहेर येणारच.

नवं धुराडं असेल तर पहिला जाळ उघड्यावर करा. पत्र्यावरचं तेल जळून जातं आणि नळीला गोलाई बसते.

उत्तर २ – उबदार_पण_जागा

रात्रभर मंद ठेवू नका. मला यात मध्यममार्ग मान्य नाही. एवढ्या लहान शेगडीत एक भरणी अर्धा-पाऊण तास जळते. ती लांबवायची तर हवा कोंडावी लागते, आणि कोंडलेल्या आगीतून कार्बन मोनॉक्साईड आणि चिकटा दोन्ही वाढतात. सगळ्यात वाईट वेळ निखाऱ्यांची. ज्योत नाही, धूर नाही, सगळं शांत वाटतं. पण निखारे वायू सोडतच असतात आणि गार होत चाललेल्या धुराड्याची ओढ कमी झालेली असते. ऊब टिकावी म्हणून निखाऱ्यांवर डँपर बंद करणं ही जिवावर बेतणारी सवय आहे.

झालरी पूर्ण दाबणं आजच थांबवा. शेगडीच्या बाजूला खाली हातभर जागा मोकळी ठेवा आणि शेंड्याचा झरोका उघडा. बर्फ पडत असेल तर रात्री उठून खालची फट मोकळी आहे का बघा. कार्बन मोनॉक्साईड हवेपेक्षा किंचित हलका, जवळजवळ सारखाच, त्यामुळे तंबूभर मिसळतो. त्याचा अलार्म झोपलेल्यांच्या डोक्याच्या पातळीवर लावा. शेंड्याला किंवा शेगडीला चिकटून नको. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं ही लक्षणं थकव्यासारखीच वाटतात, म्हणून लक्षणांवर विसंबू नका. हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. अलार्म वाजला की आधी सगळे बाहेर, कारण नंतर शोधा.

रात्रीची ऊब बॅग आणि मॅटवर सोपवा. बॅगवर छापलेल्या तापमानांतला ‘कम्फर्ट’ आकडा बघा, ‘लिमिट’ नव्हे. लिमिटवर अंग आखडून रात्र काढावी लागते. मॅटचे आर-आकडे (खालची थंडी किती अडते त्याचं माप) एकावर एक ठेवल्यावर बेरजेत येतात: खाली फोमची २, वर हवेची ४, मिळून ६. बर्फावर पाचाच्या खाली जाऊ नका. शेगडीच्या भिंतीपासून कापड आणि बॅगा किमान ६० सेंमी दूर. नायलॉन जळायच्या आधीच वितळतं आणि कातडीला चिकटतं.

हिमपाऊल

झालर आजच बदलतो. दोन शंका: अलार्म एवढ्या थंडीत चालतो का? आणि सरपण किती जमवायचं?

उत्तर २ – उबदार_पण_जागा

अलार्मच्या मागे किमान तापमान छापलेलं असतं, ते बघूनच घ्या. बरेच अलार्म उणे वीससाठी बनवलेले नसतात. दिवसभर अंगावरच्या आतल्या खिशात ठेवा, लिथियमचे सेल घाला, आणि शेगडी पेटवायच्या आधी बटण दाबून तपासा.

उत्तर १ – सुकंलाकूड

सरपणाचं माप भरण्यांत करा. संध्याकाळचे तीन तास आणि सकाळचा एक धरला तर सहा-सात भरण्या जळतात. आठ तयार ठेवा. अंधार पडायच्या आधी सगळं फोडून झालेलं हवं. उभं वाळलेलं झाड शोधा, बर्फात पडलेलं नको, ते पाणी पितं. फांदी वाकवली की कडकन मोडली पाहिजे. शेगडीच्या लांबीपेक्षा ५ सेंमी आखूड तुकडे, बहुतेक अंगठ्याएवढे, थोडे मनगटाएवढे. गोल लाकूडही मधोमध फोडा. साल ओल धरून ठेवते.

उत्तर ३ – दवबिंदू

ठिबकण्याचा प्रश्न राहिला. तो बर्फ तुमच्याच श्वासातला आणि स्वयंपाकाच्या वाफेतला. युक्ती क्रमात आहे: शेगडी पेटवायच्या आधी बॅगांवर पातळ चादर टाका, मऊ ब्रशने शेंड्याकडून खाली कापड झाडा, चादरीवर पडलेला बर्फाचा भुसा बाहेर फेका, मग काडी ओढा. ब्रश कापडावर टेकवा, आपटू नका. पाणी उकळताना झाकण ठेवाच.

धुराडं नसलेला गॅस हीटर आणू नका. १ किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं, आणि ते सगळं तंबूतच राहतं. धुराड्याच्या शेगडीत हीच वाफ बाहेर जाते.

वाळत घालायची दोरी शेंड्याजवळ, पण शेगडीच्या थेट वर नको. निसटलेला मोजा पत्र्यावर पडतो. बुटांचे आतले अस्तर काढून टांगा, चामडं मात्र लांब ठेवा, ते तडकतं. डोक्याशी घाम आणि पायाशी बर्फ असं होत असेल तर तंबूच्या दाराजवळ ३०-४० सेंमी खोल खड्डा खणा. गार हवा त्यात उतरते, आणि बसताना पाय सोडायला जागा होते.

गाडी तंबूपर्यंत जात असेल तर डिझेल हीटरचाही विचार करा. यंत्र बाहेर ठेवून फक्त गरम हवेची नळी आत घ्यायची; धुराचं तोंड वाऱ्याच्या खालच्या बाजूला, हवा घेणारं तोंड त्यापासून दूर. १२ व्होल्टवर सुरू होताना काही मिनिटं ८ ते १० अँपियर ओढतो, नंतर एक-दोन. डिझेल हिवाळी प्रतीचं हवं, साध्यात मेण धरतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी शून्याखाली चार्ज करू नका. आणि बंद करताना वायर उपटू नका; पंखा आतली धग बाहेर टाकेपर्यंत वीज चालू राहू द्या, नाहीतर आतले भाग भाजून निघतात.