कुंडईतली पाच मशीनं टॅलीला जोडायची आहेत, सुरुवात कुठून करावी?

कुंडईचा मोल्डर:
गोव्यातल्या कुंडईत प्लास्टिकची झाकणं करणारं युनिट आहे. पाच इंजेक्शन मोल्डिंग मशीनं: दोन सीमेन्स एस७-१२०० पीएलसीवर (मशीन चालवणारा कंट्रोलर), दोन डेल्टा डीव्हीपी पीएलसीवर, आणि पाचवं इतकं जुनं की आत नुसते रिले. हिशेब टॅली प्राइममध्ये. सुपरवायझर पाळी संपल्यावर वहीत शॉट (मोल्ड एकदा भरून रिकामा होणं) लिहितो, ऑफिसात ते दुसऱ्या दिवशी दुपारी भरलं जातं आणि महिनाअखेर प्लास्टिकच्या दाण्याचा साठा कधी उणे, कधी भलताच जास्त. मशीनचा आकडा थेट टॅलीत पडावा असं मालकांना वाटतं. एकजण ओपीसी यूए घ्या म्हणतो, दुसरा एमक्यूटीटी (दोन्ही मशीनचा डेटा पाठवायच्या पद्धती) आणि क्लाउड. डेल्टाच्या आरएस-४८५ पोर्टला लॅपटॉप लावून पाहिला, ९६००-८-एन-१ (वेग ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप) ठेवलं, तर नुसता टाइमआउट येतो.

पॅनेलवाला:
टाइमआउटचं आधी. डीव्हीपीचा कॉम-२ (तोच आरएस-४८५ पोर्ट) मुळात ९६००, ७ बिट, इव्हन पॅरिटी, १ स्टॉप, आणि मॉडबस (पीएलसीशी बोलायची भाषा) आस्की प्रकारातलं. तुम्ही ८-एन-१ वर, आरटीयू या दुसऱ्या प्रकाराने विचारताय, तो उत्तर देणारच नाही. प्रोग्रॅम तुमच्या हातात असेल तर एम११४३ ऑन (आरटीयू), डी११२० मध्ये एच८७ (९६००, ८, इव्हन, १), एम११२० ऑन, डी११२१ मध्ये स्टेशन नंबर. दोन्ही पीएलसींना वेगळा नंबर द्या, नाहीतर दोघे एकदम बोलतील. मशीनवाल्याने पासवर्ड ठेवला असेल तर पीएलसीला हात न लावता गेटवेच (मशीनांचे आकडे गोळा करणारा छोटा संगणक) आस्की ७-ई-१ वर ठेवा.

रजिस्टरचा (पीएलसीत आकडा ठेवायच्या खान्याचा) पत्ता: डी० म्हणजे हेक्स १०००, म्हणजे ४०९६. डी१०० हवा असेल तर ४१९६. ज्या सॉफ्टवेअरला ४ ने सुरू होणारा पत्ता लागतो तिथे ४०४१९७. या एका आकड्याच्या फरकाने शेजारचं रजिस्टर वाचलं जातं आणि आकडा खोटा असूनही पटण्यासारखा दिसतो, म्हणून जास्त घातक.

मोजणी ३२ बिटांची, म्हणजे दोन रजिस्टरांत ठेवा आणि दोन्ही रजिस्टर एकाच विनंतीत वाचा. वेगवेगळी वाचली तर मधल्या क्षणी खालचं रजिस्टर शून्यावर येऊन वरचं वाढलेलं असू शकतं. शब्दांचा क्रमही तपासा. ७०,००० म्हणजे १ आणि ४४६४. उलटे लागले तर २९,२५,५२,७०५ दिसेल.

वायरिंग एका मशीनवरून दुसऱ्यावर असं ओळीने, चांदणीसारखं नाही. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर (टर्मिनेशन). पॉवर बंद करून ए आणि बी मध्ये मीटर लावा, साधारण ६० ओहम आले तर टर्मिनेशन ठीक. १२० आले तर एक राहिलाय. ४० म्हणजे कुणीतरी मधल्या पॅनेलमध्येही तिसरा बसवलाय. शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) मोटर केबलच्या ट्रेमधून नेऊ नका. दोन शेडच्या मध्ये उघड्यावरून तांब्याची वायर असेल तर तिथे फायबर टाका. मे-जूनमधल्या विजांना आपल्याकडे पहिला बळी पोर्टचाच जातो.

एस७-१२०० साठी ओपीसी यूए मिळतं, पण फर्मवेअर ४.४ किंवा पुढचं आणि वेगळं लायसन्स लागतं. दोन मशीनांसाठी टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या सॉफ्टवेअरमधला एमबी सर्व्हर ब्लॉक पुरे: मॉडबस टीसीपी, पोर्ट ५०२. ज्या डेटा ब्लॉकमधून वाचायचं त्याचा ऑप्टिमाइज्ड अ‍ॅक्सेस काढून टाका.

जुन्या मशीनवर मोल्ड क्लोजच्या सिग्नलवर इंटरपोझिंग रिले (मध्ये बसवायचा वेगळा रिले) टाका आणि त्याचा कोरडा (स्वतःचं व्होल्टेज नसलेला) कॉन्टॅक्ट गेटवेच्या इनपुटला द्या. आधी कंट्रोल व्होल्टेज मोजा, अशा मशीनांत ११० व्होल्ट एसीही असतो. इजेक्टरवर मोजू नका, तो एका शॉटला दोन-तीन ठोके देतो. ५० मिलिसेकंदांचा डीबाउन्स लावा, म्हणजे त्याहून छोटे ठोके मोजले जाणार नाहीत. शिवाय मशीन ऑटोत असतानाच मोजा, नाहीतर सेटिंगच्या वेळी मोल्ड नुसता उघडबंद केला तरी तो उत्पादनात जमा होईल.

हिशेबनीस:
वायरिंग वरच्या उत्तराप्रमाणे झालं तरी टॅलीचा आकडा चुकेल, कारण मशीन शॉट मोजतं आणि टॅलीला नग आणि किलो लागतात.

८ कॅव्हिटीचा (झाकणाच्या खोबणींचा) मोल्ड, झाकण २.४ ग्रॅम, रनर (खोबणींना जोडणाऱ्या वाटेत राहणारं प्लास्टिक) ३.१ ग्रॅम धरा. शॉटला २२.३ ग्रॅम. ४,००० शॉटना ३२,००० झाकणं आणि ८९.२ किलो दाणा, त्यातला १२.४ किलो रनर ग्राइंडरकडे. आता दोन कॅव्हिटी बंद केल्या तर शॉट तेवढेच, पण झाकणं २४,००० आणि दाणा ७० किलो. हे पीएलसीला कळत नाही. तुमचा साठा हलतोय तो बहुधा इथेच, आणि ग्राइंडरमधून परत येणाऱ्या मालाची नोंद नसल्यामुळे. म्हणून प्रत्येक मशीनशेजारी छोटी स्क्रीन हवी: चालू जॉब नंबर, चालू कॅव्हिटी आणि रिजेक्ट नग. रिजेक्ट माणसानेच भरायचे. मशीनवरून ते ओढायच्या नादाला लागू नका.

टॅलीत थेट लिहू नका, मध्ये एक टेबल ठेवा. पोस्टग्रेस चालेल, एसक्यूलाइटही चालेल. मशीन, वेळ, कधीही रिसेट न होणारी एकूण मोजणी, जॉब, कॅव्हिटी. उत्पादन म्हणजे दोन नोंदींतला फरक. जुन्या १६ बिट काउंटरवर आधी ६५,४९० आणि आता २२ असेल तर तो वळलाय, फरक ६८. पण आधी ३१,००० आणि आता २२ असेल तर कुणीतरी रिसेट केलाय; ती ओळ लाल करून माणसाला दाखवा, स्वतः अंदाज बांधू नका. तिसरी पाळी २२ ते ६ असेल तर पहाटे ३ चा माल आदल्या दिवसाच्या उत्पादनात धरायचा, हे टेबलातच ठरवून ठेवा.

पाळी संपली आणि सुपरवायझरने मंजूर केलं की एकच मॅन्युफॅक्चरिंग जर्नल (टॅलीतलं उत्पादनाचं व्हाउचर) एक्सएमएलने पाठवा. टॅली प्राइमचं कनेक्टिव्हिटी सेटिंग ‘बोथ’, पोर्ट मुळात ९०००, आणि त्या संगणकावर टॅली उघडी, कंपनी लोड केलेली हवी. उत्तर वाचा: एचटीटीपी २०० आलं म्हणजे व्हाउचर पडलं असं नव्हे, क्रिएटेड १ आणि एरर्स ० दिसलं पाहिजे. नेट तुटलं म्हणून तेच परत पाठवलं तर दुबार पडू शकतं, तेव्हा मशीन-तारीख-पाळी असा नंबर टेबलात ठेवून आधी तपासा. आणि लायसन्स सुटून टॅली एज्युकेशनल मोडमध्ये गेली तर १, २ आणि ३१ याच तारखा घेते. ‘काल चाललं, आज नाही’ याचं हे एक ठरलेलं कारण.

कुंडईचा मोल्डर:
पात्रांव, ७-ई-१ आस्कीवर दोन्ही डेल्टा बोलल्या. मीटरने ४० ओहम दाखवले, मधल्या पॅनेलमध्ये खरंच एक रेझिस्टर निघाला. एमक्यूटीटीचं मात्र कुणी बोललं नाही. आणि गेटवे म्हणून रास्पबेरी पाय चालेल?

पॅनेलवाला:
एका शेडमधल्या पाच मशीनांना एमक्यूटीटीची गरज नाही. पुढे दुसरं युनिट जोडाल तेव्हा पाहा, आणि तेव्हा लक्षात ठेवा की क्यूओएस १ वर (निरोप निदान एकदा पोचेल अशी सेटिंग) तोच निरोप दोनदा येऊ शकतो. एकूण मोजणी पाठवत असाल तर त्याने बिघडत नाही, ‘एक शॉट झाला’ असं पाठवत असाल तर बिघडतं.

पाय चाचणीला ठीक. कायमचा ठेवायचा तर एसडी कार्डवर डेटाबेस नको, लाइट गेली की कार्ड खराब होतं. २४ व्होल्टवर चालणारा, डिन रेलवर (पॅनेलमधली पट्टी) बसणारा, एसएसडी असलेला गेटवे घ्या आणि त्याला छोटा यूपीएस द्या. दोन लॅन पोर्टवाला घ्या: एक मशीनांकडे, एक ऑफिसकडे, मध्ये राउटिंग बंद. पोर्ट ५०२ वरच्या मॉडबसला पासवर्डच नसतो म्हणून म्हणतो. मशीनवाल्याचा फोरजी राउटर पॅनेलमध्ये लटकत असेल तर तो काम नसताना काढून ठेवा.

हिशेबनीस:
चवथीच्या सुट्टीआधी सगळ्या मशीनांचे आकडे लिहून ठेवा आणि पीएलसीच्या बॅटऱ्या तपासा. चार-पाच दिवस मेन स्विच बंद राहिला की मोजणी टिकते का, ते तेव्हाच कळतं. पहिला महिना वही बंद करू नका.